कोणता निकितिन? आधी वडिलांचं नाव विचारा

रेवदंड्याला निकितिनचा स्मृतिस्तंभ आहे. मॉस्कोचा ५४० मीटर उंच ओस्तांकिनो मनोरा निकितिनचा. वोरोनेझ शहरात मान खाली घालून विचारात बसलेला पुतळा निकितिनचा. पीटर द ग्रेटचं मृत्युशय्येवरचं चित्र निकितिनचं, आणि लहानग्या गॅरी कास्पारोवला जगज्जेतेपदापर्यंत नेणारा प्रशिक्षकही निकितिन. माणसं पाच, शतकं चार. आडनाव एक म्हणून यांच्यात नातं जोडायला जाऊ नये. रशियात हे आडनाव आपल्याकडच्या जाधव-पवारांसारखं सर्वत्र पसरलेलं आहे, आणि ते पसरण्याचं कारण त्याच्या घडणीतच आहे.

घडण अशी. 'निकिता' या नावाला 'इन' लागला की 'निकितिन', म्हणजे 'निकिताचा'. हा 'इन' आपल्या 'चा' प्रत्ययाचं काम करतो. इथे मराठी वाचकाची पहिली चूक होते. आपल्याकडे निकिता मुलीचं नाव. रशियात ते पक्कं पुरुषाचं. निकिता ख्रुश्चेव आठवा. ग्रीक भाषेतल्या 'निकेतास', म्हणजे विजयी, या शब्दापासून ते आलं आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या संतांच्या यादीतून गावोगावी पोचलं. नाव गावोगावी, म्हणून 'निकिताची माणसं'ही गावोगावी. एका मूळपुरुषापासून सगळे निकितिन निघाले असं मुळीच नाही. हजारो निकितांची हजारो घराणी आहेत आणि प्रत्येकाची सुरुवात वेगळी.

प्रत्यय कोणता लागणार हे मूळ शब्दाच्या शेवटावर ठरतं. 'आ' किंवा 'या'ने संपणाऱ्या शब्दाला 'इन' लागतो: फोमाचा फोमिन, लुकाचा लुकिन, इल्याचा इल्यिन. पुष्का म्हणजे तोफ, तिच्यापासून पुश्किन. गगारा हा एक पाणपक्षी, त्यावरून गगारिन. व्यंजनाने संपणाऱ्याला 'ओव': इवानोव, पेत्रोव. शेवट मृदू असेल तर 'येव': सेर्गेयेव, अलेक्सेयेव. एवढं लक्षात ठेवलं तर रशियन आडनावांचा मोठा भाग उलटा सोडवता येतो. मात्र आडनाव रशियन म्हणून माणूस वंशाने रशियन, असं गृहीत धरू नका. चुवाश, याकूत अशा समाजांत बाप्तिस्म्याबरोबर ख्रिस्ती नावं आली आणि त्या नावांवरून हीच आडनावं झाली. अंतराळवीर आंद्रियान निकोलायेव चुवाश होता, आडनाव मात्र पाहा.

आता मुख्य मुद्दा. रशियन माणसाच्या पूर्ण नावात तीन भाग असतात: स्वतःचं नाव, वडिलांच्या नावावरून आलेलं 'ओत्चेस्त्वो', आणि आडनाव. हा मधला भाग आपल्याला परका वाटायचं कारण नाही; मराठी माणूस जन्मभर वडिलांचं नाव मधे लिहितो. फरक इतकाच की रशियनमध्ये त्याला प्रत्यय लागून तो बदलतो. वासिलीचा मुलगा वासिल्येविच, मुलगी वासिल्येव्ना. 'आ'ने संपणाऱ्या नावांना 'इच' लागतो: साव्वाचा साव्विच, इल्याचा इल्यिच (लेनिनला इल्यिच म्हणत ते यामुळेच), आणि निकिताचा निकितिच. ख्रुश्चेवचा मुलगा म्हणून सेर्गेय निकितिच ख्रुश्चेव. म्हणजे 'निकितिच' हे वडिलांचं नाव आणि 'निकितिन' हे आडनाव. शेवटच्या एका अक्षराचा फरक, पण तो चुकला की माणूसच बदलतो.

आणि जो निकितिन आपल्याला सगळ्यांत जवळचा, तो या नियमात बसतच नाही.

अफानासी निकितिन हा वोल्गाकाठच्या त्वेर शहरातला व्यापारी. पंधराव्या शतकात सामान्य रशियन माणसाला आजच्या अर्थाने आडनाव नव्हतं. त्याच्या लेखनात आणि बखरींत त्याची ओळख दोन प्रकारे येते. एक, 'ओफोनास त्वेरितिन', म्हणजे त्वेरचा राहणारा. मराठीत सांगायचं तर त्वेरकर. दुसरी, 'मिकितिन सिन', म्हणजे मिकिताचा मुलगा; मिकिता हे निकिताचं बोलीतलं रूप. आपल्या मोडी कागदांत 'अमुक बिन तमुक' असतं, तसाच हा प्रकार. म्हणजे त्याच्या नावातलं 'निकितिन' हे खरं तर त्याच्या बापाचं नाव. पुढच्या काळात ते आडनावासारखं वाचलं गेलं आणि तसंच रूढ झालं. त्यामुळे 'अफानासी निकितिनचे वंशज' म्हणून आजच्या कुणा निकितिनकडे बोट दाखवणं निराधार आहे. त्याच्या मुलालाही, असता तर, निकितिन म्हटलं नसतं. अफानास्येव म्हटलं असतं.

त्याच्या प्रवासाची सालं दोन प्रकारे छापलेली सापडतात: जुन्या पुस्तकांत १४६६ ते १४७२, आणि लेओनिद सेम्योनोव या अभ्यासकाच्या मांडणीप्रमाणे १४६८ ते १४७४. दुसरी मांडणी प्रवासवर्णनात आलेले सण आणि बहमनी राज्यातल्या घटना ताडून केलेली आहे, आणि ती जास्त भरवशाची. लिहिताना दोन्हींतली एक निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. निघण्याचं साल एकीकडचं आणि परतण्याचं दुसरीकडचं अशी खिचडी बऱ्याच लेखांत झालेली दिसते.

वोल्गेने खाली जाताना अस्त्राखानजवळ तातारांनी त्याच्या गलबतांना लुटलं. रिकाम्या हाताने घरी जाणं म्हणजे कर्जात बुडणं, म्हणून तो पुढे निघाला: देर्बेंत, बाकू, इराण, होर्मुझ, आणि तिथून घोडा जहाजात घालून मस्कत, गुजरात, खंबायत करत चौल. चौलला तो 'चिविल' लिहितो, जुन्नरला 'चुनेर', दाभोळला 'दाबुल'. चौलहून पाली आठ दिवस, पालीहून उमरी दहा दिवस, आणि उमरीहून पुढे जुन्नर, असा त्याचा हिशेब. ही पाली म्हणजे घाटाखालची आजची पाली, अशी जुळवणी केली जाते.

घोडा आणण्यामागे साधं व्यापारी गणित होतं. दख्खनेत घोड्यांची पैदास होत नाही, बैल आणि म्हशी होतात, असं तो स्वतः लिहितो. होर्मुझहून आणलेल्या घोड्याला बहमनी राज्यात चांगली किंमत येई. जुन्नरपर्यंत पोचेतो हा घोडा त्याला शंभर रुबलांना पडला. इथे घोड्यांना काय खायला घालतात तेही त्याने टिपलं आहे: हरभरा, आणि साखर-तूप घालून शिजवलेली 'किचिरिस'. ही आपली खिचडी, पंधराव्या शतकातल्या रशियन लिपीत.

पाऊस त्याने जुन्नरला काढला. पावसाळ्यासाठी त्याच्याकडे शब्दच नव्हता, म्हणून तो सरळ 'हिवाळा' म्हणतो: हिवाळा ट्रिनिटीच्या सणापासून लागला, चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल. ट्रिनिटीचा सण ईस्टरनंतर पन्नास दिवसांनी, म्हणजे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत कधीतरी येतो. मान्सूनची वेळ बरोबर जुळते. 'हिवाळा' हा शब्द जशाच्या तसा उचलला, की जुन्नरला चार महिने थंडी पडल्याचं वर्णन तयार होतं. त्या दिवसांत लोक नांगरतात आणि गहू, भात, हरभरा पेरतात असंही तो सांगतो. भात ठीक; गहू-हरभरा ही रब्बीची पिकं, इतकी दुरुस्ती जुन्नरचा कोणीही शेतकरी करील.

जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान झालास तर घोडा परत आणि वर हजार सोन्याची नाणी, नाही तर घोडा गेलाच आणि हजार नाणी तूच दे. मुदत चार दिवस. खोजा महंमद नावाचा खुरासानी मधे पडला, तेव्हा घोडाही सुटला आणि धर्मही. पुढे बिदरला तो घोडा त्याने विकला. या मुलखात तो कोणत्या नावाने वावरत होता, हे आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचं: खोजा यूसुफ खुरासानी. म्हणजे चौल, जुन्नर, बिदर इथल्या त्या काळच्या कागदांत 'निकितिन' शोधणं फोल आहे. या भूमीत त्या नावाचा माणूस कुणाला ठाऊकच नव्हता.

परतीला तो दाभोळहून निघाला आणि काळा समुद्र ओलांडून काफ्याला, म्हणजे क्रिमियातल्या आजच्या फिओदोसियाला पोचला. तिथून घरी जाताना स्मोलेन्स्क गाठायच्या आधीच वारला. वह्या व्यापाऱ्यांनी १४७५ साली मॉस्कोला वासिली मामिरेव या दरबारी लेखनिकाकडे दिल्या, त्या बखरीत उतरल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार करमझिनने त्यांच्याकडे जगाचं लक्ष वेधलं. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' हे त्या वर्णनाचं नाव. समुद्र म्हणजे कास्पियन, हिंदी आणि काळा. समुद्रासाठी त्याचा शब्द 'दोरिया'. फारसीतून त्याच्याकडे गेलेला हा आपलाच 'दर्या'. त्वेरचा त्याचा ब्राँझचा पुतळा १९५५ चा आहे, पण त्या वेळी शहराचं नाव कालिनिन होतं (१९३१ ते १९९०). सोव्हिएत काळातल्या पुस्तकात 'कालिनिनचा निकितिन पुतळा' दिसला तर तो दुसरा समजू नका.

आता दोन इवान. इथे सर्वाधिक गल्लत होते, कारण नाव आणि आडनाव दोन्ही सारखी.

पहिला इवान निकितिच निकितिन, चित्रकार. मॉस्कोजवळच्या इझमाइलोवोच्या धर्मगुरू निकिताचा मुलगा, म्हणून निकितिच. आणि आडनावही निकितिन. अशी दुहेरी नोंद पाहून काही जण 'निकितिच' ही छपाईची चूक समजून गाळतात. गाळू नका, तोच भाग त्याला दुसऱ्या इवानापासून वेगळा करतो. १७१६ मध्ये पीटरने त्याला इटलीला शिकायला पाठवलं. वाटेत दान्झिगला भेट झाल्यावर पीटरने कॅथरीनला पत्र लिहून सांगितलं की बर्लिनमध्ये याच्याकडून राजाचं चित्र काढून घे, आपल्या लोकांतही चांगले कारागीर आहेत हे त्यांना कळू दे. त्या पत्रात त्याचा उल्लेख आहे तो 'चित्रकार इवान' एवढाच. १७२५ मध्ये पीटरचं मृत्युशय्येवरचं चित्र त्याने काढलं. पुढे धर्माध्यक्ष फेओफान प्रोकोपोविचविरुद्धच्या एका पत्रकाच्या प्रकरणात १७३२ मध्ये तो पकडला गेला, १७३७ मध्ये सायबेरियातल्या तोबोल्स्कला हद्दपार झाला, आणि पीटरची मुलगी एलिझाबेथ गादीवर आल्यावर सुटून परत येताना वाटेतच मेला. त्याचा भाऊ रोमानही चित्रकार, आणि दोघांची शिक्षा एकाच प्रकरणातली. म्हणून नुसतं 'चित्रकार निकितिन' लिहिणंही पुरेसं नाही.

दुसरा इवान साव्विच निकितिन, वोरोनेझचा कवी, १८२४ ते १८६१. बाप साव्वाचा मेणबत्त्यांचा कारखाना बुडाला, उरली ती एक धर्मशाळावजा खाणावळ. गाडीवानांना दाणापाणी द्यायचं, हिशेब ठेवायचे, बापाचं पिणं सोसायचं, आणि रात्री कविता. १८५९ मध्ये कर्ज काढून त्याने पुस्तकांचं दुकान उघडलं, सोबत वाचनालय. मृत्यूपूर्वीची दोन वर्षं तो तिथे होता. त्याच्या १८५८ च्या दीर्घकाव्याचं नाव 'कुलाक'. इथे सावध राहा. सोव्हिएत इतिहासातला कुलाक म्हणजे सधन शेतकरी. निकितिनच्या काळात आणि त्याच्या काव्यात कुलाक म्हणजे बाजारात गरिबांचा माल स्वस्तात लाटणारा, घासाघीस करणारा किरकोळ दलाल. काव्यातला नायक स्वतःच कंगाल आहे. 'श्रीमंत शेतकऱ्यावरचं काव्य' असं लिहिलं, की सगळं उलटं होतं.

या कवीची जन्मतारीख कुठे २१ सप्टेंबर, कुठे ३ ऑक्टोबर दिसेल. दोन्ही बरोबर. रशियात फेब्रुवारी १९१८ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती. आजच्या तारखेसाठी अठराव्या शतकात ११ दिवस, एकोणिसाव्यात १२ आणि विसाव्यात १३ दिवस मिळवायचे. तारखा जुळत नाहीत म्हणून दोन माणसं वेगळी, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी फरक अकरा, बारा किंवा तेरा दिवसांचा तर नाही ना, ते आधी पाहावं.

तोबोल्स्क पुन्हा एकदा येतं. निकोलाय वासिल्येविच निकितिन, विसाव्या शतकातला बांधकाम अभियंता, १९०७ साली तोबोल्स्कलाच जन्मला. चित्रकार तिथे हद्दपार, अभियंत्याचा जन्म तिथला. नातं असणार, असं मनात येतं. नाही. आडनाव इतकं पसरलेलं असलं की असे योगायोग घडतातच.

निकोलाय निकितिनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्याचं काम जगाने पाहिलं आणि नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. ओस्तांकिनो दूरचित्रवाणी मनोरा, १९६३ ते १९६७. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. उंच मनोऱ्यावर एका बाजूने वारा आला की तो वाकतो. वाऱ्याच्या बाजूचं काँक्रीट ताणलं जातं आणि तडकतं. निकितिनने खोडाच्या आत, भिंतीला लागून सुमारे १५० पोलादी दोर वरपासून खालपर्यंत ताणून बसवले. दोर काँक्रीटला सतत खाली दाबून धरतात, त्यामुळे वाऱ्याने कितीही वाकवलं तरी भिंतीत ताण उरत नाही, फक्त दाब कमी-जास्त होतो. खाली दहा पाय बाहेर पसरलेले. उलट्या धरलेल्या लिलीच्या फुलासारखा आकार. एवढ्या उंच मनोऱ्याचा पाया पाच मीटरही खोल नाही. वजनाचा मोठा भाग तळाशी ठेवल्यामुळे हे शक्य झालं. तळ जड, शेंडा हलका, गुरुत्वमध्य खाली. ढकललेली बाहुली पुन्हा उभी राहते, तेच तत्त्व.

२७ ऑगस्ट २००० ला मनोऱ्याला आग लागली. दोर काँक्रीटमध्ये गाडलेले नव्हते, आत मोकळे होते. उष्णतेने त्यांतले बहुतेक तुटले. मनोरा तरी उभा राहिला, कारण वारा नसताना काँक्रीटचं स्वतःचं वजनच त्याला दाबून धरायला पुरतं. आणि दोर मोकळे असल्यामुळेच नंतर ते बदलता आले. आगीत जो दोष ठरला, तोच दुरुस्तीत गुण ठरला.

वोल्गोग्रादच्या मामायेव टेकडीवरचा 'मातृभूमी हाक देते' हा पुतळा शिल्पकार येव्गेनी वुचेतिचचा म्हणून ओळखला जातो. तो उभा कसा राहील हे गणित निकितिनचं. तलवारीच्या टोकापर्यंत ८५ मीटर, काँक्रीटची भिंत जेमतेम २५ ते ३० सेंटीमीटर, आत ताणलेले पोलादी दोर. १९६७ मध्ये बसवलेली तलवार पत्र्याची होती, ती वाऱ्यात डोलायची आणि खडखडायची. १९७२ मध्ये वारा आरपार जावा म्हणून भोकं ठेवलेली नवी तलवार बसवली. अशा कामांच्या नोंदींत शिल्पकार किंवा वास्तुविशारद वर आणि अभियंता खाली छापलेला असतो. निकितिन शोधायचा तर खालच्या ओळी वाचा.

वासिली वासिल्येविच निकितिन हा वेगळा: विमानं घडवणारा, १९४० मध्ये उडालेल्या घडीच्या पंखांच्या 'आयएस-१' लढाऊ विमानाचा एक जनक. निकोलायच्या नावातला 'वासिल्येविच' पाहून कुणी त्याला या वासिलीचा मुलगा करू नये.

अलेक्सांद्रही दोन. अलेक्सांद्र सेर्गेयेविच (१९३५ ते २०२२) हा बुद्धिबळाचा प्रशिक्षक. १९७० च्या दशकापासून १९९० पर्यंत कास्पारोवबरोबर. अलेक्सांद्र कोन्स्तान्तिनोविच हा माजी नौदल अधिकारी. उत्तरी ताफ्याच्या अणुपाणबुड्यांमुळे होणाऱ्या किरणोत्सारी प्रदूषणावर त्याने नॉर्वेतल्या बेलोना संस्थेसाठी काम केलं, १९९६ मध्ये देशद्रोहाच्या आरोपाखाली त्याला अटक झाली, आणि डिसेंबर १९९९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. 'ए. निकितिन' एवढंच छापलं तर वाचकाने काय समजावं? त्यात १९१७ च्या हंगामी सरकारातला मंत्री अलेक्सेय मक्सिमोविच निकितिनही आहे, हिवाळी महालात पकडला गेलेला. त्याचंही आद्याक्षर तेच. दोन आद्याक्षरं द्या, म्हणजे 'ए. एस.', 'ए. के.', 'ए. एम.', आणि गुंता सुटतो. 'पी. निकितिन' ही सही दिसली तर आणखी जपा: क्रांतिकारक विचारवंत प्योत्र त्काच्योव याचं ते टोपणनाव होतं. तिथे निकितिन कुणीच नाही.

स्त्रियांचं आडनाव निकितिना. मुलीला ते जन्माने मिळतं, सुनेला लग्नाने. गायिका तात्याना निकितिना मूळची सादिकोवा. नवरा सेर्गेय निकितिन, १९४४ चा, पेशाने भौतिकशास्त्रज्ञ आणि गिटारवर कवितांना चाली लावणारा. दोघं मिळून 'निकितिनी', हे अनेकवचन. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये स्केलेटन या बर्फावरच्या घसरशर्यतीत कांस्यपदक मिळवणारी येलेना निकितिना, आणि बोरिस निकितिनबरोबर सात मुलं वाढवत बालशिक्षणाचे प्रयोग करणारी येलेना निकितिना (१९३० ते २०१४, सर्वत्र 'लेना' म्हणून परिचित) या दोन वेगळ्या बायका.

बोरिस आणि लेना यांची खेळणी आजही मिळतात. 'नक्षी जुळवा' या संचात १६ सारखे लाकडी ठोकळे असतात. प्रत्येकाच्या सहा बाजूंना चार रंग: काही बाजू एकरंगी, काही कर्णावर दुभागून दोनरंगी. कागदावरची नक्षी पाहून मुलाने ती जुळवायची, आधी चार ठोकळ्यांची, मग नऊ, मग सोळा. नंतर मुलाने स्वतः नवी नक्षी रचायची. बिघडतं ते एकाच ठिकाणी: मूल अडलं की मोठी माणसं ठोकळा फिरवून दाखवतात. निकितिन दांपत्याचा आग्रह होता की सांगायचं नाही. जमलं नाही तर संच ठेवून द्यायचा, काही दिवसांनी पुन्हा काढायचा.

रशियन पाटी वाचताना 'निकितिना'चा आणखी एक फसवा अर्थ निघतो. रशियनमध्ये आडनावाला विभक्ती लागते, आणि पुरुषी निकितिनची षष्ठी 'निकितिना' अशीच होते. 'उलित्सा निकितिना' म्हणजे निकितिनचा रस्ता, कुणा निकितिनाबाईंचा नव्हे. बाईंचा असता तर 'निकितिनोय' झालं असतं. 'निकितिनू' म्हणजे निकितिनला, 'निकितिनिम' म्हणजे निकितिनने किंवा निकितिनसह. नकाशावरून किंवा पुतळ्याच्या चौथऱ्यावरून नाव उतरवताना आधी प्रत्यय सोलून काढा. सरकारी याद्यांत क्रम आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा असतो. 'निकितिन इवान साव्विच' वाचून साव्विचला आडनाव करू नका.

दिसायला जवळची पण वेगळी आडनावं: निकितेन्को आणि निकितचेन्को ही युक्रेनी घडणीची (न्यूरेंबर्ग खटल्यातला सोव्हिएत न्यायाधीश इओना निकितचेन्को). निकुलिन हे निकुलापासून, म्हणजे निकोलायच्या बोलीरूपापासून. निकिताशी त्याचा संबंध नाही. क्रिमियातलं १८१२ चं निकित्स्की वनस्पती उद्यान हे निकिता नावाच्या गावावरून.

देवनागरीत लिहायचं तर 'निकितिन'. रशियन त हा दंत्य आहे, आपल्या 'ताक'मधल्यासारखा. इंग्रजी स्पेलिंगवरून आलेला 'निकिटिन' चूक. उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर येतो, म्हणून 'निकीतिन' ऐकू येतं. ते लिहिलं तरी चालेल, पण एका लेखात एकच रूप ठेवा. आणि मराठी प्रत्यय लावताना 'निकितिनने, निकितिनचा, निकितिनला' असंच लिहा. 'निकितिनाने' लिहिलं की वाचक ते काम निकितिना आडनावाच्या बाईने केलं असं समजणार, आणि रशियन व्याकरण जाणणारा तर हमखास तसंच समजणार.